स्वादुपिंडाचा दाह : नाव कळले, कारण विचारले काय?



रुग्णालयातून सुटून घरी येणारा माणूस सोबत एक पिशवी घेऊन येतो. तिच्यात गोळ्या असतात, सोनोग्राफीचे पाकीट असते, औषधांच्या पावत्या असतात आणि एक कागद असतो, ज्याला डिस्चार्ज कार्ड म्हणतात. पावत्या आपण जपून ठेवतो, कारण पदरचे पैसे गेलेले असतात. डिस्चार्ज कार्ड मात्र घडी होऊन ट्रंकेत जाते. ते इंग्रजीत असते आणि घरातल्या शिकलेल्या मुलाने अक्षरे जुळवून वाचले तरी अर्थ लागत नाही.

आम्ही पेशाने कारकून आहोत, डॉक्टर नाही. परंतु कोणाचा फॉर्म भरणे, कोणाला सोबत म्हणून दवाखान्यात जाणे ही कामे वस्तीत वर्षानुवर्षे करीत असल्यामुळे असे कागद आमच्यापर्यंत येतात. त्यांवर एक लांबलचक शब्द आम्ही अनेकदा पाहिला. तो म्हणजे 'अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस'. ज्यांच्या घरात तो आला त्यांना विचारले की, काय झाले होते? उत्तर येते, "पोटात सूज होती, आता बरे आहे." एवढ्यावर कागद मिटतो. आमचे म्हणणे असे की कागद इथे मिटू नये. आजच्या लेखात या शब्दाचा अर्थ आणि त्या शब्दानंतर विचारायचा प्रश्न, या दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

प्रथम शब्द. ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'क्रियास' म्हणजे मांस. ज्या अवयवात हाड नाही, कूर्चा नाही, सगळे मांसच, तो पॅन्क्रियास. आपण त्याला स्वादुपिंड म्हणतो. आता शेवटचे 'आयटिस' पाहा. हे शेपूट आपल्या ओळखीचे आहे. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, आर्थ्रायटिस, हिपॅटायटिस. ज्या अवयवाच्या नावाला 'आयटिस' लागले त्या अवयवाचा दाह झाला, म्हणजे तो सुजला, लाल झाला, दुखू लागला असे समजावे. पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाचा दाह. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेला, तीव्र. 'क्रॉनिक' म्हणजे जुनाट, ठाण मांडून बसलेला. एवढी किल्ली हाती असली तर केसपेपरवरचे निम्मे शब्द आपले आपल्याला उलगडतात.

अमेरिकेतील बोस्टन शहराचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली अपेंडिसायटिस हे नाव रूढ केले. त्यांनीच १८८९ साली स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे एकाच माणसाने या दोन दुखण्यांची ओळख जगाला करून दिली. त्यांपैकी अपेंडिक्स आज घराघरात माहीत आहे. स्वादुपिंडाचे नाव मात्र अजून परके वाटते.

हा अवयव असतो कोठे? बेंबीच्या वर, जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून तो आडवा पडलेला असतो. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी कमी. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. एवढासा अवयव दोन खाती सांभाळतो. पहिले खाते साखरेचे. रक्तातली साखर काबूत ठेवणारे इन्सुलिन येथेच तयार होते. दुसरे खाते पचनाचे. रोज दीड लिटर किंवा त्याहून अधिक पाचकरस येथून एका नळीवाटे लहान आतड्यात उतरतो. भाकरीतले पीठ, डाळ-मांसातली प्रथिने आणि तेल-तूप, तिन्ही फोडण्याचे सामर्थ्य या रसात आहे.

आता जो रस मांस पचवू शकतो तो स्वादुपिंडालाच का पचवीत नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. निसर्गाने त्याची तजवीज केली आहे. हा रस स्वादुपिंडातून निघतो तेव्हा त्यातले जहाल घटक निष्क्रिय असतात. आतड्यात पोहोचल्यावरच ते कामाला लागतात. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर चेक येथे लिहिला जातो, परंतु त्यावर सही आतड्यात होते. सही झाल्याशिवाय चेक वटत नाही. जेव्हा काही कारणाने ही सही स्वादुपिंडातच होऊन जाते तेव्हा रस तेथेच काम सुरू करतो आणि अवयव स्वतःलाच पचवू लागतो. हाच तो दाह. प्राग येथील शास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ साली ही कल्पना मांडली.

म्हणून हे दुखणे साध्या पोटदुखीसारखे नसते. दुखते वरच्या पोटात, मध्यभागी. कळ आरपार पाठीत जाते. माणूस उताणा झोपू शकत नाही, पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला तर थोडे बरे वाटते. उलट्या थांबत नाहीत आणि उलटी झाली तरी दुखणे हलके होत नाही. पोट फुगते, ताप येतो, कधी डोळे पिवळे होतात. दुखणे तासाभरात जात नाही, तासन्‌तास टिकते.

अशा वेळी आपल्याकडे काय होते ते आपण सारे जाणतो. कोणी ओवा देतो, कोणी खाण्याचा सोडा पाजतो. कोणी म्हणतो बेंबी सरकली, आणि पोट चोळणाऱ्याला बोलावतो. मेडिकलच्या दुकानातून अ‍ॅसिडिटीची आणि दुखण्याची गोळी येते. रात्र निघते. एखाद्या घरी तर कोणी अंगाऱ्याची पुडी काढतो. बाबासाहेबांनी आपल्याला या अंधारातून बाहेर काढले, त्याच घरात अंगारा यावा याचे दुःख वाटते. पण येथे आणखीही एक गोष्ट आहे. या रोगात पहिला दिवस फार मोलाचा असतो. दाहामुळे अंगातले पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपते, रक्ताभिसरण मंदावते, मूत्रपिंडांना ताण पडतो. पहिल्या दिवशी नसेतून योग्य प्रमाणात सलाईन मिळणे हाच मुख्य उपचार आहे. सोडा आणि चोळणे यात तोच वेळ जातो. शिवाय हृदयविकाराचा झटकाही कधी कधी वरच्या पोटातील दुखण्याच्या रूपाने येतो. तेव्हा घरी बसून ओळखण्याचा हा प्रकार नव्हे.

रुग्णालयात गेल्यावर निदान अवघड नसते. रक्तात अमायलेज किंवा लायपेज नावाचे घटक तपासतात. ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक निघाले आणि दुखणेही तसेच असले, की निदान पक्के समजतात. सोनोग्राफी केली जाते, ती मुख्यतः पित्ताशयात खडे आहेत काय हे पाहण्यासाठी. सी. टी. स्कॅन पहिल्याच तासात प्रत्येकाला लागतोच असे नाही. निदानाबद्दल शंका असेल किंवा काही दिवसांत सुधारणा दिसत नसेल तर तो करतात. बहुतेक रुग्णांचा, ढोबळमानाने पाचांपैकी चौघांचा, दाह सौम्य असतो आणि आठवडाभरात ते घरी जातात. उरलेल्यांत मात्र फुप्फुसे, मूत्रपिंडे यांवर परिणाम होतो, स्वादुपिंडाचा भाग मरतो, त्यात जंतूंची लागण होते, अतिदक्षता विभागात अनेक दिवस काढावे लागतात आणि काही जण दगावतात.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ. पॅन्क्रियाटायटिस हे काय झाले त्याचे नाव आहे. ते कशामुळे झाले हे त्या शब्दात सांगितलेले नसते. आणि कारण काढून टाकले नाही तर हे दुखणे परत येते. म्हणून डिस्चार्ज कार्ड हातात घेताना डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : "डॉक्टरसाहेब, हे कशामुळे झाले, आणि ते कारण काढण्यासाठी आम्ही कधी यायचे?"

कारणे अनेक आहेत. रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढणे, म्हणजे १००० च्या वर जाणे, हे एक कारण. काही औषधे, गालगुंड, पोटाला बसलेला मार, ही इतर कारणे. थोड्या रुग्णांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. परंतु दोन कारणे सर्वांत मोठी आहेत : पित्ताचे खडे आणि दारू.

आमच्या ओळखीत एक भगिनी आहेत. चार घरची धुणीभांडी करतात. वय पस्तीसच्या पुढे. त्यांना हा त्रास झाला आणि सहा दिवसांनी त्या घरी आल्या. तोवर कोणाच्या तरी पाहुण्याने चाळीत सांगून टाकले होते की हा दारुड्यांचा रोग. झाले! नळावर कुजबुज सुरू झाली. ज्या बाईने आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही तिला सासूच्या नजरेला नजर देता येईना. त्यांच्या पिशवीतच सोनोग्राफीचा कागद होता आणि त्यावर स्पष्ट लिहिले होते की पित्ताशयात अनेक लहान खडे आहेत. डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत पित्ताशय काढण्यासाठी सहा आठवड्यांनी येण्यास सांगितले होते. ती ओळ कोणी त्यांना समजावून सांगितली नाही. दुखणे थांबले होते, ऑपरेशनची भीती होती, आणि सुट्टी घेतली तर कामे सुटणार होती. चौथ्या महिन्यात दुसरा झटका आला. अकरा दिवस अतिदक्षता विभागात गेले. कानातले गेले, पतपेढीचे कर्ज झाले. कागद आमच्याकडे आले ते त्यानंतर. सुदैवाने त्या वाचल्या, पुढे पित्ताशय काढले गेले आणि आज त्या कामावर जातात. सासूबाईंना आम्ही तो सोनोग्राफीचा कागद मराठीत वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनेचा डबा त्यांनी स्वतः भरला एवढे आम्हांला कळले.

खड्यांचा आणि स्वादुपिंडाचा संबंध काय? यकृताकडून पित्त आणणारी नळी आणि स्वादुपिंडाची नळी, बहुतेकांच्या शरीरात या दोन्ही आतड्यात एकाच तोंडाने उघडतात. पित्ताशयातून सुटलेला लहानसा खडा त्या तोंडाशी अडकला की दोन्ही वाटा तुंबतात. १९०१ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. यूजीन ओपी यांनी मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात असा अडकलेला खडा दाखवून दिला. मोठा खडा पित्ताशयातच राहतो, लहान खडा घरंगळत खाली येतो. म्हणून "खडे बारीक आहेत, काळजी नको" हे म्हणणे येथे लागू पडत नाही.

असा दाह सौम्य असेल तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढून घ्यावे असे आता वैद्यकशास्त्र सांगते. नेदरलँड्समधील २३ रुग्णालयांत २६६ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना घरी पाठवून सुमारे चार आठवड्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांच्यापैकी शेकडा १७ जणांना खड्यांच्याच त्रासाने पुन्हा दाखल व्हावे लागले किंवा ते दगावले. ज्यांची शस्त्रक्रिया त्याच मुक्कामात झाली त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ५ होते. तेव्हा "याच वेळी शस्त्रक्रिया होऊ शकेल काय?" असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. दाह तीव्र असेल तर डॉक्टर थांबतात, त्याला कारण असते. मग पुढची तारीख कागदावर लिहून घ्यावी आणि ती पगाराच्या तारखेसारखी पाळावी. ऑपरेशनची भीतीही पूर्वीइतकी बाळगण्याचे कारण नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली भारतात पहिल्यांदा केली. आज ती जिल्ह्याजिल्ह्यांत होते. पित्ताशयाशिवाय माणूस नीट जगतो, जेवतो, काम करतो.

दुसरे कारण दारू. याविषयी आपल्या समाजात एक वेगळी अडचण आहे, ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. विहारात आपण पाचवे शील घेतो. त्यामुळे ज्या घरात दारू शिरली ते घर ती लपवते. ही लाज चांगल्या मनाची खूण आहे, परंतु डॉक्टरांसमोर लपवलेली दारू जिवावर बेतते.

एक बांधव हमालीचे काम करणारे. पोटातली कळ घेऊन दाखल झाले. डॉक्टरांनी विचारले, दारू घेता का? पत्नी, भाऊ, मेहुणे सगळे उभे. त्यांनी मान हलवली, "नाही साहेब, सणावाराला कधीतरी." उपचार सुरू झाले. तिसऱ्या रात्री हात थरथरू लागले, भिंतीवर काहीबाही दिसू लागले, सलाईनची नळी त्यांनी ओढून काढली. बाहेर कोणी म्हणाले, करणी केली. तेव्हा त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा एकटा डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, "माझे बाबा रोज पितात. मी लहान होतो तेव्हापासून." रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली की दोन-तीन दिवसांत असा झटका येतो. त्यावर औषधे आहेत, पण आधी ठाऊक असावे लागते. त्या रात्री औषधे बदलली आणि माणूस हाती लागला. घरचे काही लोक मुलावर रागावले की बापाची अब्रू घालवली. आम्ही म्हणतो, त्या पोराने बाप वाचवला.

दारू कोणती हा प्रश्न स्वादुपिंडापुढे नसतो. हातभट्टी, देशी, इंग्लिश, बिअर, बाटलीवरचे नाव पाहून ते सूट देत नाही. विडी-सिगारेटही या रोगाला हातभार लावते. दारूने एकदा दाह झाल्यावर जो पुन्हा पितो त्याला पुन्हा दाह होण्याची शक्यता फार वाढते, आणि असे वारंवार झाले की दुखणे जुनाट होते. मग दोन्ही खाती बुडू लागतात. इन्सुलिन कमी पडते आणि मधुमेह होतो. पाचकरस कमी पडतो, खाल्लेले अंगी लागत नाही, शौचास तेलकट, दुर्गंधीयुक्त होते, माणूस वाळत जातो. यावरही उपाय आहेत. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचकरसाच्या कॅप्सूल मिळतात, इन्सुलिन आहे. परंतु गेलेले स्वादुपिंड परत येत नाही.

म्हणून येथे कारण काढणे म्हणजे दारू सोडणे. हे नुसत्या उपदेशाने होत नाही हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तेथे अनेक कुटुंबांना नवी वाट मिळाली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा गावोगावी होतात आणि त्यांना फी नसते. रोज पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना सांगूनच दारू सोडावी, वर सांगितलेला झटका घरी येऊ नये म्हणून.

रुग्णाजवळ बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. पूर्वी अशा रुग्णाला कित्येक दिवस पूर्ण उपाशी ठेवीत. आता उलट्या आणि दुखणे आटोक्यात आले की लवकरच मऊ, कमी तेलाचे अन्न सुरू करतात, तोंडाने जमत नसेल तर नळीवाटे देतात. परंतु केव्हा आणि काय द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. मायेपोटी भेटायला येताना आणलेले मटण किंवा वडापाव गुपचूप भरवू नये. लघवी किती झाली, धाप लागते काय, माणूस बरळतो काय, याकडे लक्ष ठेवावे आणि ताबडतोब सिस्टरांना सांगावे.

आणि पैशाचे काय? महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तिचेच नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे, बिल झाल्यावर नव्हे. जो उपचार सांगितला आहे तो योजनेत बसतो काय हे त्याच्याकडून समजून घ्यावे. ज्यांच्या पगारातून ई. एस. आय. कापली जाते त्यांनी आपले कार्ड विसरू नये. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला हाती ठेवून तेथील समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे. ही भीक नाही, हक्क आहे. सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी या दारांवर थाप मारा.

शेवटी एक विनंती. या रविवारी घरातील ट्रंक उघडा आणि रुग्णालयाचे जुने कागद बाहेर काढा. त्यावर 'पॅन्क्रियाटायटिस' हा शब्द आहे काय पाहा. सोनोग्राफीच्या कागदावर खड्यांचा उल्लेख आहे काय, शेवटच्या ओळीत परत येण्याची तारीख आहे काय, पाहा. नसेल कळत तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलीला किंवा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवा. तारीख उलटून गेली असली तरी जा. ज्या बाईला लोकांनी नावे ठेवली असतील तिची बाजू तो कागदच मांडेल, आणि ज्या घरात बाटली लपवली आहे तेथे निदान डॉक्टरांना तरी खरे सांगितले जाईल.

रोगाचे नाव डॉक्टर सांगतात. कारण विचारणे आपल्या हाती आहे, ते विचारल्याशिवाय रुग्णालयाची पायरी उतरू नका.

जयभीम!